रविवार फुकट आलेला नाही



मी काही इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि सूतगिरणीत लागलो. रिंगफ्रेमवर असतो. तुटलेला धागा जोडायचा, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. आठ तास पायावर. जे काही वाचलं ते वाचनालयात, रद्दीच्या दुकानात आणि रात्रपाळीत डबा खायच्या अर्ध्या तासात वाचलं. कविता करतो, त्या अधूनमधून अशा पानांवर येतात. तेव्हा या लेखात कुणी विद्वत्ता शोधू नये. चूक दिसली तर तोंडावर सांगावी.

लेख लिहायला एक कागद कारण झाला. गेल्या महिन्यात पगाराच्या दिवशी मुकादमानं आम्हा ठेक्यावरच्या पोरांच्या हातात एकेक छापील कागद दिला. त्यात दोन ओळी. पहिली, जादा तास काम करायला माझी राजीखुशीनं संमती आहे. म्हणजे आठाचे बारा. दुसरी, आठवड्याची सुट्टी कामाच्या सोयीप्रमाणे कुठल्याही वारी घ्यायला माझी हरकत नाही. खाली सहीची जागा. "कर सही, चार पैसे सुटतील," मुकादम म्हणाला. "रिकामा बसून करतोस काय? कविताच ना?" सगळे हसले. मीही हसलो. कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

त्याच संध्याकाळी मंडळातला एक जुना कार्यकर्ता भेटला. दोन बैठकांना मी गेलो नव्हतो म्हणून तापलेला. म्हणाला, "चळवळीला सुट्टी नसते. रविवारी झोपायला तुला वेळ आहे, समाजाला द्यायला नाही?" मी गप्प. सलग सहा रात्री पाळी केल्यावर माणसाचे डोळे कसे होतात ते त्याला काय सांगणार.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. "उद्या सुट्टी ना रं तुला? मला कधी मिळायची?" हसतच म्हणाली. पण तवा उतरवताना तिनं कमरेला हात लावला तो मी पाहिला.

एका दिवसात तिघांनी माझ्या एका रविवारावर हात ठेवला. गिरणीनं, चळवळीनं आणि घरानं. तिघांचंही खरं असेल. पण मला वाटलं, वाटणी करण्याआधी हा रविवार आला कुठून ते बघावं. आजा मुंबईच्या गिरणीत होता, १८ जानेवारी १९८२ चा संप लागला तेव्हा बाहेर पडला तो पुन्हा आत गेला नाही. तो म्हणायचा, "रईवार लोखंड्यानं दिला. रईवारी काय करायचं ते बाबासायबानं शिकवलं." लहानपणी मला वाटायचं लोखंडे म्हणजे कुणी साहेब असेल.

*

आधी गावाकडं जाऊ. कारण आपली माणसं गिरणीत आली ती काही आकाशातून पडली नव्हती.

गावात महाराचा दिवस किती तासांचा होता? याला उत्तर नाही, कारण तास मोजायची सोयच नव्हती. वतन होतं ना! सरकारी टपाल पोचवायचं, सारा भरायला लोकांना बोलवायचं, आलेल्या अंमलदाराच्या पुढं पळायचं, वेस झाडायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा निरोप घेऊन रात्री दुसऱ्या गावाला जायचं. बोलावणं आलं की उठायचं. बदल्यात इनामाची तुटपुंजी जमीन आणि बलुतं. बलुतं म्हणजे शेतकऱ्याच्या मर्जीवर चार पेंढ्या.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ चा वतनाचा कायदा बदलायचं बिल आणलं. त्यांच्या मांडणीतला मुद्दा आजही अंगावर येतो. वतनदार महार हा रात्रंदिवस सरकारचा नोकर. तो घरी नसला तर त्याच्या बापाला, भावाला, घरातल्या कुणालाही कामाला धरता येई. एका माणसाच्या नावावर सगळ्या घराचा दिवस आणि सगळ्या घराची रात्र लिहून घेतलेली. ते बिल पास झालं नाही. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाली होती.

हे सांगायचं कारण असं की आपण नेहमी म्हणतो, आपली जमीन घेतली, पाणी घेतलं, अक्षर घेतलं. बरोबर आहे. पण त्याच्याही आधी आपला वेळ घेतला. ज्याला उद्या सकाळ आपली आहे की नाही हे माहीत नाही, तो अक्षर गिरवणार कधी? जोतीराव आणि सावित्रीबाईंना हे कळलं होतं. १८५५ साली त्यांनी रात्रशाळा काढली ती त्यासाठीच. दिवस दुसऱ्याच्या मालकीचा आहे, तर रात्र तरी वापरू.

*

आता गिरणी.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली, १८५६ ला ती चालू झाली. गावातून सुटलेला माणूस इथं आला. इथं जोहार नव्हता, भोंगा होता. कामाची वेळ उजेड ते अंधार. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम कमी. सूर्य मालकाच्या बाजूनं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. रविवारी गिरणी थांबली तरी यंत्रं पुसायला कामगारानं यायचंच.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या पोराला कामाला लावू नये, सात ते बाराच्या पोराकडून नऊ तासांवर काम घेऊ नये, असं होतं. आठव्या वर्षी पोर नऊ तास राबलं तर कायदेशीर! मोठ्या माणसाच्या तासांबद्दल त्या कायद्यात एक अक्षर नव्हतं.

इथं नारायण मेघाजी लोखंडे येतात. १८४८ साली ठाण्यात जन्म, माळी समाजातले, जोतीरावांचे सत्यशोधक. रेल्वेत, पोस्टात नोकरी करून मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. माल मोजता मोजता माणसं कशी मोजली जातात ते त्यांनी पाहिलं असणार. १८८० पासून 'दीनबंधु' चालवायला घेतला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय? रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झाला तर भरपाई.

पहिल्या तीन मागण्या पुन्हा वाचा. तिन्ही वेळेच्या आहेत. पैसे त्यानंतर. उपाशी माणसांनी आधी वेळ मागितला.

त्या साडेपाच हजारांतल्या किती जणांना सही करता येत असेल? बहुतेकांचा अंगठाच असणार. मला त्या अंगठ्यांचा विचार सोडत नाही. माझ्या खिशातल्या कागदावरही सहीच मागितली आहे.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन बाया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली! नवरा-पोरांचं करून, गिरणीत दिवसभर राबून, दहा हजारांपुढं उभं राहून त्या सुट्टी मागत होत्या. माझी आई रोज मागते तीच सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास कारखान्यांना लागू झाला.

रविवारच का? इंग्रजाच्या चर्चचा वार म्हणून, असं आपल्याला वाटतं. लोखंडे सांगत, रविवार खंडोबाचा वार, बहुजनांचा वार, असं जुनी माणसं म्हणतात. देवाशी आपल्याला आता कर्तव्य नाही. पण मागणी आपल्या लोकांच्या तोंडच्या भाषेत कशी मांडावी हे त्या सत्यशोधकाला ठाऊक होतं.

आणि विरोध कुणी केला? मालकांनी केला ते ठीक. पण 'केसरी'सारखी देशभक्त पत्रंही फॅक्टरी कायद्याच्या विरोधात होती. म्हणणं असं की हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव आहे, देशी धंदा बुडवायचा. डाव होता, हे खोटं नाही. लँकेशायरला मुंबईचं सूत खुपत होतंच. पण देशी धंदा वाचवायचा तर तो कामगाराच्या पाठीवरच का वाचवायचा, हा प्रश्न त्या पत्रांना पडला नाही. 'दीनबंधु'ला पडला. प्लेगनं मुंबई पोखरत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे गेले. टपाल खात्यानं त्यांच्या नावाचं तिकीट काढलं ते २००५ साली.

*

रविवार मिळाला, पण सोमवार ते शनिवार तसेच राहिले. उलट गिरणीत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचाही आधार गेला. १९०५ च्या सुमाराला काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. मग एकेक पायरी पडली. १९११ चा कायदा, कापडगिरणीत पुरुषाला दिवसाला १२ तास. १९२२ चा, दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०. १९३४ चा, दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. प्रत्येक पायरीमागं संप आहेत, उपास आहेत.

या गिरणीत आपल्या माणसाला जागा कुठं होती? विणकाम खात्यात मज्जाव. कारण काय तर धोट्यात कांडी बसवली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसं लावणार? विणकामाला पगार जास्त. म्हणजे जातीनं नुसता मान नेला नाही, पगारही नेला. कमी पगाराच्या माणसाला पोट भरायला जास्त राबावं लागतं, म्हणजे वेळही नेला. १९२८ च्या मोठ्या संपात, एप्रिल ते ऑक्टोबर दीड लाख कामगार बाहेर असताना, बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच जाब विचारला. आपल्या लोकांना सगळी खाती उघडी करा ही मागणी संपाच्या यादीत घालायला लावली.

वेळेला जागाही लागते. बाबासाहेब शाळेत असताना परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळं घर. अभ्यासाला कोपरा नाही. रामजीबाबा पोराला लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे. घर झोपलेलं असताना तेवढी शांतता पोराच्या वाट्याला यायची. बाप स्वतः जागा राहायचा पोराला उठवण्यासाठी. एका पोराचा अभ्यास हा दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून निघतो. हे आपल्या घरांत आजही तसंच आहे.

*

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

एका रात्रपाळीत, तीनच्या सुमाराला, मशीन बंद पडलं होतं आणि मिस्त्री यायचा होता. प्रॉडक्शनच्या चिठ्ठीमागं मी सहज हिशेब करत बसलो. वर्षाचे दिवस मोजायचे, सातानं भागायचं, लीपचा एक वाढवायचा. आपल्या चळवळीच्या मोठ्या तारखांना कोणता वार होता? घरी आल्यावर मोबाईलमधलं कॅलेंडर मागं मागं सरकवून ताडून पाहिलं. हिशेब बरोबर होता. तुम्हीही करून बघा.

माणगावची परिषद, २१ मार्च १९२०. रविवार.
परळच्या दामोदर हॉलमधली सभा, जिथून बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार निघाला, ९ मार्च १९२४. रविवार.
त्या सभेची स्थापना, २० जुलै १९२४. रविवार.
चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं, २० मार्च १९२७. रविवार.
मनुस्मृती जाळली, २५ डिसेंबर १९२७. रविवार.
काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची नाशकातली मिरवणूक, २ मार्च १९३०. रविवार.
येवल्याची घोषणा, १३ ऑक्टोबर १९३५. रविवार.
मुंबईत नायगावला धर्मांतराच्या विषयावरचं मोठं भाषण, ३१ मे १९३६. रविवार.
नागपूरची दीक्षा, १४ ऑक्टोबर १९५६. रविवार.

चिठ्ठी हातात धरून मी तसाच बसलो. मिस्त्री येऊन म्हणाला, काय रे, लॉटरी लागली काय?

घाईनं अर्थ काढायचा नाही, हे मला कळतं. २५ डिसेंबर नाताळ म्हणून सुट्टीचाच दिवस होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता, दीक्षेचा दिवस त्या हिशेबानं ठरला. महाडला, नाशकाला खेड्यापाड्यातून जे आले त्यांना रविवार-सोमवार नव्हताच, ते वतनाचं बोलावणं चुकवून आले. पण परिषद भरवणारे कोण होते? गिरणीतले, गोदीतले, रेल्वेतले, कचेरीतले शिपाई, शाळेतले मास्तर. सहा दिवस दुसऱ्याचे आणि एकच दिवस मोकळा. शनिवारी काम सुटल्यावर निघायचं, रविवारी ठराव करायचा, सोमवारी भोंग्याला हजर. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आणि मंडळी मुंबईहून बोटीनं दासगावला जायला निघाली तो शनिवार होता. सभेची तारीख ठरवताना कुणी तरी नक्की म्हणालं असेल, "रविवारी ठेवा, नाहीतर माणसं यायची नाहीत."

एक तारीख मात्र वेगळी निघाली. ७ नोव्हेंबर १९३८. औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केलेला एक दिवसाचा संप. तो सोमवार. बरोबरच आहे! संप रविवारी करून काय उपयोग? त्या दिवशी कामगारानं मालकाचा दिवस काढून घेतला आणि आपली हजेरी बुडवली.

आजा म्हणायचा त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला. लोखंड्यांच्या सत्यशोधकांनी जो दिवस मिळवला, त्या दिवसावर उभं राहून बाबासाहेबांच्या माणसांनी इतिहास केला. आणि त्यातली खुबी अशी की तो दिवस सगळ्यांचा एकच होता. मला बुधवारी सुट्टी, तुला शुक्रवारी, शेजाऱ्याला सोमवारी, अशी असती तर झोपा झाल्या असत्या, परिषद झाली नसती. माझ्या खिशातल्या कागदाची पहिली ओळ मला आधी घातक वाटत होती. आता दुसरी जास्त वाटते.

*

बाबासाहेबांनी तासांसाठी काय केलं याबद्दल आपल्या पत्रकांत एक वाक्य नेहमी असतं की त्यांनी १४ तासांचे ८ केले. भाषणात टाळी मिळते. पण विरोधक कायद्याची पुस्तकं काढून दाखवतो आणि आपला पोरगा तोंडघशी पडतो. मी स्वतः पडलोय. म्हणून नीट सांगतो.

जुलै १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा कायद्यात १९३४ चे आठवड्याला ५४ तास होते. १९४५ च्या दुरुस्तीनं वर्षभर काम केलेल्या कामगाराला दहा दिवस पगारी रजा मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यात ५४ चे ४८ झाले, १ ऑगस्ट १९४६ पासून. सहा दिवसांनी भागा, आठ येतात. पुढं १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात हेच ४८ कायम झाले. म्हणजे शेवटची पायरी बाबासाहेबांची आहे, आणि खालच्या पायऱ्या लोखंड्यांपासूनच्या हजारो माणसांच्या आहेत. खरं सांगितल्यानं बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट, पगारी रजा ही त्यांची देणगी आपण विसरतो, ती आठवते.

पण त्यांना वेळ कशासाठी हवा होता? १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यात गांधीवादाची चिकित्सा करताना ते रिकाम्या वेळाचा मुद्दा काढतात. माझ्या शब्दांत सांगतो. जनावर खातं, पितं, झोपतं. माणूसही तेवढंच करायला लागला तर फरक काय? माणसाला मन आहे, ते वाढवायला मोकळा वेळ लागतो. तो वेळ पोटासाठी राबण्याच्या पलीकडं उरला पाहिजे. यंत्रामुळं तो उरू शकतो, म्हणून चरख्याकडं परत चला हे सांगणं म्हणजे गरिबाला पुन्हा जनावराच्या जिण्याकडं ढकलणं. यंत्राचा दोष नाही, यंत्र कुणाच्या मालकीचं आहे त्याचा दोष आहे.

रिंगफ्रेमवर उभं राहून हे वाचलं तर वेगळं कळतं. माझं एक मशीन शेकडो चात्या एकदम फिरवतं. शेकडो चरख्यांचं काम. मग त्या शेकडो चरखेवाल्यांचा वाचलेला वेळ गेला कुठं? माझ्या घरी तर आला नाही.

आणखी एक जोडी बघा. ४८ तास लागू झाले १ ऑगस्ट १९४६ ला. त्याच्या दीड महिना आधी, २० जून १९४६ ला, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. एका हातानं वेळ सोडवला आणि दुसऱ्या हातानं त्या वेळात जायला दार उघडलं.

*

आता त्या तिघांचं उत्तर.

पहिलं आमच्या जुन्या कार्यकर्त्याला. दादा, तुमचा राग मला मान्य आहे. रविवारावर चळवळ उभी राहिली हे मीच वर लिहिलं. पण रविवार म्हणजे नुसती बैठक नव्हती. त्याच मोकळ्या वेळात भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, गावोगाव नेला. त्याच वेळात शाळेत जेमतेम गेलेला, गिरणीत राबलेला अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून लिहीत राहिला, आणि १९५९ ची 'फकिरा' त्यानं बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. गाणं, नाटक, कुस्ती, पोराला मांडीवर घेऊन बसणं, गाढ झोपणं, हे सगळं त्या मिळवलेल्या माणूसपणात येतं. मुकादम म्हणतो रिकामा बसू नको, आणि तुम्हीही तेच म्हणालात तर पोरगं कुणाकडं जाईल? तीन वर्षं रात्रंदिवस पळून मग कायमचा घरी बसलेला कार्यकर्ता आपण किती वेळा पाहिला? महिन्यातले दोन रविवार चळवळीला द्या, ते मोजून आणि वेळेवर द्या. दोन ज्याचे त्याला ठेवू द्या.

दुसरं आईला. हे लिहिताना मला लाज वाटते. माझ्या रविवारच्या वाचनात तिचं धुणं आहे. बैठकीतल्या चहात कुणाच्या तरी बायकोची सकाळ आहे. १८९० च्या त्या दोन बायांना व्यासपीठ मिळालं, सुट्टीसुद्धा मिळाली, पण घरी जाऊन त्यांनी चूल पेटवली असेलच. वतनात एकाच्या नावावर सगळ्या घराचा वेळ लिहिला जायचा, तसा आपण आईच्या नावावर घराचा सगळा वेळ लिहून ठेवला आहे. वतन १९५८ ला गेलं म्हणतो, ते आपल्याच स्वयंपाकघरात बसलंय. मी भाकरी थापायला शिकतोय. गोल होत नाही. आई खाते आणि हसते. रविवारी दुपारी ती शेजारणीकडं जाऊन बसते, ते पहिल्यांदा घडलं तेव्हा तिला काय करावं तेच कळेना.

तिसरं मुकादमाला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ कायम आहेत आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगतात. लेखी संमती! ठेक्यावरच्या पोराची संमती म्हणजे काय असते ते ठेक्यावरच्या पोराला विचारा. बहिणीची फी भरायची आहे, पैसे मला नको आहेत असं नाही. एखाद्या महिन्यात मी जादा पाळी करीनही. पण वर्षाच्या सगळ्या संध्याकाळी आणि सगळ्यांचा मिळून असलेला एक वार, हे एका सहीत लिहून द्यायचं नाही.

कागद अजून खिशात आहे. धुण्यात एकदा भिजला, आईनं वाळवून दिला. आमच्या पाळीत अकरा जणांकडं असाच कागद आहे. चार जणांनी सही केली, त्यांना मी दोष देत नाही. उरलेले सात आम्ही एकत्र उत्तर देणार आहोत, एकेकटं नाही. काय उत्तर द्यायचं ते येत्या रविवारी ठरवू.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, चार वाजता. तुम्हीही या. सोबत बहिणीला, बायकोला, आईला आणा. आणि निघायच्या आधी घरातली भांडी घासून या.